सकाळचे कूपन आणि दुसऱ्या खोक्यातले एल्बो : ऑर्बिटल वेल्डिंगमधील एका सरकलेल्या जोडाचे प्रकरण

शुद्ध पाण्याच्या एका नळजोडणीत वेल्ड बाहेरून निर्दोष दिसत असताना आतल्या बाजूला जोडरेषा काही ठिकाणी उघडीच राहिल्याचे आढळले. त्या प्रसंगाचा हा सविस्तर वृत्तान्त आहे. त्या कामावर गुणवत्ता तपासणी माझ्याकडे होती आणि पुढे येणाऱ्या चुकांपैकी एका चुकीच्या कागदावर माझी सही आहे, हे आरंभीच नोंदवलेले बरे.

काम औषधनिर्मितीसाठी लागणारे पाणी अखंड फिरते ठेवणाऱ्या बंद वलयाचे होते. नळी ३१६एल स्टेनलेस स्टीलची, बाह्य व्यास ५०.८ मिमी आणि भिंतीची जाडी १.६५ मिमी. सगळे जोड फिलर वायर न वापरता, ऑर्बिटल टिग पद्धतीने करायचे होते. या पद्धतीत वेल्ड हेड नळीवर आवळून बसवतात, त्याच्या आत टंगस्टनचे टोक विजेचा आर्क पेटवून नळीभोवती एक फेरी मारते आणि दोन्ही नळ्यांच्या कडा स्वतःच वितळून एकजीव होतात. बाहेरून हेडमध्ये आणि आतून नळीत अर्गॉन वाहता असतो. चांगल्या जोडाची कसोटी सांगायला सोपी आहे : वितळ भिंतीच्या पूर्ण जाडीतून पार होऊन आतल्या पृष्ठभागावर सलग बीड, म्हणजे वितळून थिजलेल्या धातूची पट्टी, उमटली पाहिजे आणि त्या बीडने मूळची जोडरेषा संपूर्ण परिघावर गिळून टाकली पाहिजे. एखाद्या चापात ती गिळली गेली नाही तर तिथे केसाएवढी खाच राहते. तिच्यात पाणी साचते, जीवाणूंचा थर धरतो आणि पॅसिव्हेशनच्या, म्हणजे गंजरोधक थरासाठी केलेल्या आम्लप्रक्रियेच्या, वेळी शिरलेले आम्ल धुऊन निघत नाही. दाबाच्या चाचणीत असा जोड सहज पास होतो, कारण तो गळत नाही. म्हणूनच तो जास्त धोक्याचा.

पथकात वेल्डिंग यंत्र चालवणारा एक अनुभवी चालक होता आणि त्याच्या बरोबरीने काम करणारा एक मेकॅनिकल तंत्रज्ञ होता, जो मोजमाप, कापणी, फेसिंग (कड सपाट करणे), टॅक (तात्पुरते टाके) आणि जुळवणी करीत असे. या धंद्याबाहेरच्या माणसाला वाटते की कौशल्य यंत्र चालवणाऱ्याकडे असते आणि दुसरा त्याचा मदतनीस असतो. प्रत्यक्षात यंत्र तेच करते जे त्याला आधीच सांगून ठेवलेले असते. जोड चांगला येणार की वाईट याचा निम्म्याहून अधिक निकाल हेड आवळण्यापूर्वीच, कड तयार करणाऱ्या हातांत लागलेला असतो. कड काटकोनात हवी, बर (कापताना उठलेली धारदार कोर) नको, दोन कडांमध्ये नखाला लागेल अशी फट नको, आणि एक भिंत दुसरीपेक्षा जाडीच्या १५ टक्क्यांहून अधिक वरखाली नको. १.६५ मिमीच्या भिंतीला हा अवकाश सुमारे पाव मिलिमीटरचा होतो. हा तंत्रज्ञ या बाबतीत कमालीचा काटेकोर होता. त्याची आणखी एक सवय या प्रकरणात निर्णायक ठरली. नळीवरचा हीट नंबर, म्हणजे धातू ज्या ओतणीतून आला तिचा क्रमांक, ठरावीक अंतरावर छापलेला असतो, त्यामुळे कापताना एखाद्या तुकड्याच्या वाट्याला तो येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला येत नाही. तंत्रज्ञ करवत लावण्यापूर्वीच दोन्ही होणाऱ्या तुकड्यांवर क्लोराइड नसलेल्या मार्करने नंबर लिहून घेत असे. एल्बोवरचा, म्हणजे नळीला वळण देणाऱ्या कोपरतुकड्यावरचा, नंबर बारीक कोरलेला असतो; तोही तो जोडाच्या नोंदवहीत उतरवत असे. काही जण त्याला हसत. मीही त्याला ती शिस्तीची हौस समजत असे.

पहिले दहा दिवस काम सुरळीत चालले. दररोज सकाळी, पहिल्या जोडापूर्वी, एक नमुना जोड केला जाई. कामावर सगळे त्याला कूपनच म्हणतात. तो आडवा कापून आतली आणि बाहेरची बीड पाहायची, रुंदी मोजायची, रंग पाहायचा, सही करायची आणि मग दिवस सुरू करायचा. दहाही दिवस कूपन उत्तम आले. बोरोस्कोपने, म्हणजे नळीत सरकवायच्या बारीक कॅमेऱ्याने, तपासलेल्या जोडांपैकी एकही परत गेला नाही.

अकराव्या दिवशी एल्बोचे दुसरे खोके उघडले. त्यात २४ एल्बो होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांतले सात बसवले गेले, म्हणजे चौदा जोड झाले. दुपारी मी बोरोस्कोप घेऊन स्पूल, म्हणजे जोडून तयार झालेले नळीचे भाग, तपासायला बसलो. पहिल्याच जोडात आतली बीड एका बाजूला झुकलेली दिसली. दुसऱ्यातही तसेच. तिसऱ्या जोडात घड्याळाच्या बाराच्या जागेपासून चारच्या जागेपर्यंत, बीडच्या काठाला समांतर, एक सरळ बारीक काळी रेघ दिसत होती. ती मूळ जोडरेषा होती. चौदांपैकी पाच जोडांत ती परिघाच्या काही भागावर स्पष्ट उघडी होती; आणखी तीन जोडांत बीडचा काठ तिला इतका चिकटून गेला होता की ती झाकली आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नव्हते. उरलेल्या सहांत रेषा झाकलेली होती, पण बीड मध्यावर नव्हतीच.

बाहेरून पाहिले तर हे चौदाही जोड आधीच्या जोडांसारखेच होते. बाहेरची बीड मुळात रुंद असते, त्यामुळे तिचा थोडासा कल डोळ्याला जाणवत नाही आणि वेल्ड झाल्यावर जोडरेषा तिथे शिल्लकही नसते की जिच्यापासून कल मोजावा.

पहिली सूचना, आणि तिला मिळालेला नकार

चालकाची पहिली प्रतिक्रिया कुठल्याही अनुभवी वेल्डरची असते तीच होती : आत वितळ कमी पडते आहे, तर करंट दोन-तीन अँपिअर वाढवू. भिंतीच्या जाडीच्या दर हजारांश इंचाला सुमारे एक अँपिअर हा या कामातला जुना आडाखा आहे. त्या हिशेबाने या नळीला सरासरी ६५ अँपिअर लागतो आणि आमचा प्रोग्रॅम त्याच्या आसपासच होता. तीन अँपिअरची वाढ कुणाला खटकली नसती, आणि बहुधा तिने काळी रेघ नाहीशीही झाली असती.

तंत्रज्ञाने ती सूचना मानली नाही. त्याने बोरोस्कोपच्या पडद्यावरची चित्रे पुन्हा मागे नेऊन बीडची रुंदी पाहिली आणि शांतपणे म्हणाला, ‘‘दादा, बीड बारीक झालेली नाही, सरकलेली आहे.’’ हे म्हणणे मोजून पाहता येण्यासारखे होते. आम्ही दोषी ठरलेला एक जोड कापून काढला आणि मोजला. आतल्या बीडची रुंदी ३.४ मिमी होती, जवळजवळ सकाळच्या कूपनइतकीच. पण तिचा मध्य जोडरेषेपासून १.८ मिमी एल्बोच्या बाजूला गेला होता. अर्धी रुंदी १.७ मिमी आणि सरकलेले अंतर १.८ मिमी, म्हणजे रेषा उघडी राहणारच. ज्या जोडांत ती झाकली गेली होती तिथे सरकणे मिलिमीटरच्या आसपास होते. दोष बहुतेक ठिकाणी फेरीच्या पहिल्या टप्प्यात का, याचाही उलगडा यातून झाला : त्या वेळी नळी अजून थंड असते, बीड किंचित बारीक असते आणि सरकलेल्या बीडला रेषेपर्यंत पोहोचायला तेवढाच फरक कमी पडतो.

वितळ अपुरी असणे आणि वितळ भलत्या जागी असणे हे दोन वेगळे दोष आहेत. पडद्यावर मात्र दोघांची खूण एकच, उघडी जोडरेषा. करंट वाढवणे हा पहिल्यावरचा उपाय आहे. दुसऱ्यावर तो वापरला तर बीड रुंद होऊन रेषा झाकली जाते, पण एल्बोच्या बाजूचा धातू गरजेपेक्षा जास्त तापतो, बीड आत लोंबते आणि बाहेरून खचते. शिवाय मूळ कारण तसेच राहते आणि पुढच्या जोडात अंतर दोन मिलिमीटर झाले की तीन अँपिअरही अपुरे पडतात. मी त्या ठिकाणी एकटा असतो तर कदाचित करंट वाढवायला मान्यता दिली असती, हेही लिहून ठेवतो.

संशयितांची छाननी

बीड सरकण्याची नेहमीची कारणे थोडीच आहेत, आणि ती एकामागून एक तपासण्यात दुसऱ्या दिवसाचा उरलेला वेळ गेला. टंगस्टनचे टोक जोडरेषेवर नसेल तर बीड सरकते. टोकाची धार एका बाजूला झिजली असेल तरी आर्क तिरका जातो. टंगस्टन नवा घातला, मापक लावून आर्कचे अंतर तपासले, टोक रेषेवर असल्याची खात्री केली आणि जोड केला. बीड पुन्हा एल्बोकडे सरकली.

त्यानंतर तंत्रज्ञाने जी चाचणी सुचवली ती या प्रकरणातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी चाचणी होती. त्याने हेड काढून उलटे बसवायला सांगितले, म्हणजे हेडची जी बाजू आधी नळीकडे होती ती आता एल्बोकडे आली. दोष हेडमध्ये असता तर तो हेडबरोबर फिरला असता आणि बीड या वेळी नळीकडे सरकली असती. ती एल्बोकडेच सरकली. दोष हेडमध्ये नाही, धातूत आहे, हे दहा मिनिटांत सिद्ध झाले. यंत्राच्या दुरुस्तीसाठी कुणाला बोलावण्यापूर्वी हा उलटा-सुलटा प्रयोग करण्याची पद्धत मला त्या दिवसापासून लागली आहे.

धातूत दोष म्हणजे काय, हे मात्र अजून उघड नव्हते. एका बाजूची भिंत जाड असेल तर ती उष्णता ओढून घेते आणि बीड पातळ बाजूकडे झुकते. मायक्रोमीटरने मोजल्यावर दोन्ही भिंतींत ०.०३ मिमीचा फरक निघाला, जो इतक्या सरकण्याला पुरेसा नव्हता. वाकवताना एल्बोत थोडे चुंबकत्व आले असेल तर आर्क विचलित होऊ शकतो, म्हणून दोऱ्याला बांधलेला छोटा चुंबक दोन्ही कडांजवळ धरून पाहिला. तो जागचा हलला नाही. आतल्या अर्गॉनचा दाब जास्त असेल तर बीड बाहेर ढकलली जाते, पण बाजूला जात नाही. पर्जिंगचा, म्हणजे नळीतली हवा अर्गॉनने बाहेर काढण्याच्या कामाचा, संशय तर आम्ही पहिल्याच तासात सोडून दिला होता. आर्क पेटवण्यापूर्वी आतला ऑक्सिजन मीटरवर १० पीपीएमच्या खाली आल्याची नोंद प्रत्येक जोडापुढे होती आणि आतला पृष्ठभाग चांदीसारखा स्वच्छ होता. एडब्ल्यूएस (अमेरिकन वेल्डिंग सोसायटी) डी१८.२ या मार्गदर्शिकेत १० पीपीएमपासून २५,००० पीपीएमपर्यंत ऑक्सिजन असताना वेल्डच्या आत कोणता रंग येतो याचे दहा नमुने दिलेले आहेत. आमचे जोड त्यांतल्या पहिल्या नमुन्याजवळचे होते. पर्ज बिघडला असता तर आधी तांबूस, मग निळा रंग बोलला असता.

कागदातला रकाना

यानंतर नोंदवही उघडली. चौदाही जोडांपुढे एल्बोचा एकच हीट नंबर होता, आणि पहिल्या दहा दिवसांतल्या कुठल्याही जोडापुढे तो नव्हता. तंत्रज्ञाच्या त्या ‘हौसे’शिवाय हे जुळवायला आम्हाला प्रत्येक एल्बो भिंगाखाली धरावा लागला असता, आणि नळीच्या तुकड्यांबद्दल तर तेही शक्य नव्हते.

मग एमटीसी, म्हणजे धातूची चाचणी प्रमाणपत्रे, शेजारी शेजारी ठेवली. ईएन १०२०४ नुसार ३.१ प्रकारची प्रमाणपत्रे होती. क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम, कार्बन, सगळे ३१६एलच्या मर्यादेत. फरक गंधकाच्या, म्हणजे सल्फरच्या रकान्यात होता. नळीत ०.०१० टक्के. पहिल्या खोक्यातल्या एल्बोंत ०.००८ टक्के. दुसऱ्या खोक्यातल्या एल्बोंत ०.००१ टक्के.

या तिसऱ्या आकड्यासकट सगळी प्रमाणपत्रे माल आला त्या दिवशी माझ्या हातून तपासली गेली होती आणि त्यांवर माझी सही होती. ३१६एलच्या सर्वसाधारण विनिर्देशात गंधकाची फक्त वरची मर्यादा असते, ०.०३० टक्के; खालची नसते. गंधक ही अशुद्धता, ती जितकी कमी तितका माल चांगला, अशा समजुतीने मी तो रकाना पाहिला आणि पुढे गेलो. ही समजूत निराधार नव्हती. गंधक मँगनीजशी संयोग पावून जे सूक्ष्म कण तयार करते तिथूनच स्टेनलेसला खड्डे पडायला सुरुवात होते, आणि कमी गंधकाचा पृष्ठभाग इलेक्ट्रोपॉलिशलाही चांगला चमकतो. अर्गॉन आणि ऑक्सिजन फुंकून पोलाद शुद्ध करण्याची पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाल्यानंतर पोलाद कारखान्यांना गंधक फार खाली आणणे सोपे झाले. गंज टाळण्यासाठी जे वरदान, तेच वेल्डरच्या वाट्याला अडचण होऊन आले.

याचे कारण पृष्ठताणात आहे. पाण्यावर टाल्कम पावडर भुरभुरून मध्ये साबणाचा थेंब टाकला की पावडर कडेला पळते, कारण साबणाने मधला पृष्ठताण उतरतो आणि जास्त ताण असलेली कड पृष्ठभागाला स्वतःकडे ओढते. वितळलेल्या पोलादाच्या डबक्यातही असेच ओढणे चालू असते. गंधक अत्यल्प असेल तर सर्वांत गरम जागी, म्हणजे आर्कच्या खाली मध्यभागी, पृष्ठताण सर्वांत कमी असतो. वितळलेला धातू मध्यापासून कडांकडे वाहतो, उष्णता आडवी पसरते आणि वेल्ड रुंद पण उथळ होतो. गंधक थोडे जास्त असले की हा क्रम उलटतो : मध्यभागी ताण वाढतो, प्रवाह कडांपासून मध्याकडे आणि तिथून खाली जातो, उष्णता तळाला पोहोचते आणि वेल्ड अरुंद व खोल होतो. हायपल आणि रोपर या संशोधकांनी १९८२ मध्ये हा परिणाम स्टेनलेसच्या टिग वेल्डिंगसाठी स्पष्टपणे मांडला. हजारात एक भागापेक्षाही कितीतरी कमी असलेला घटक वेल्डचा आकार ठरवतो, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. मलाही कापलेला जोड पाहिल्यावरच पटले.

आता अशा दोन धातूंच्या कडा एकत्र वितळवल्या तर डबक्याच्या एका बाजूला गंधक आहे आणि पृष्ठताण कमी आहे. दुसऱ्या बाजूला गंधक नाही आणि ताण जास्त आहे. पृष्ठभागावरचा धातू कमी गंधकाच्या बाजूला ओढला जातो, उष्णता त्याच्याबरोबर जाते आणि वेल्डचे मूळ, म्हणजे त्याचा आतला तळ, त्या बाजूला सरकते. आमच्या जोडांत ती बाजू एल्बोची होती.

निष्कर्ष कागदावरून काढून थांबणे योग्य नव्हते, म्हणून तीन कूपन केले : नळी आणि नळी, दुसऱ्या खोक्यातला एल्बो आणि तसाच दुसरा एल्बो, आणि तिसरा नळी व एल्बो यांचा. तिन्ही एकाच प्रोग्रॅमवर, एकाच टंगस्टनने. ते आडवे कापून, घासून, १० टक्के ऑक्झॅलिक आम्लात विजेने एच केले, म्हणजे पृष्ठभाग किंचित खाऊ दिला, तेव्हा वेल्डचा छेद उघड्या डोळ्यांना दिसू लागला. पहिल्यात खोल, मधोमध बसलेला वेल्ड. दुसऱ्यात वेल्ड मधोमधच, पण वर पसरट आणि खाली इतका बारीक की एल्बो-एल्बो जोडाला खरोखरच करंट वाढवावा लागला असता. तिसऱ्यात वेल्ड एका खांद्यावर झुकल्यासारखा, त्याचे मूळ एल्बोच्या पोटात. तीन तुकडे टेबलावर शेजारी ठेवल्यावर कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

कूपन कशाची साक्ष देत होते

या ठिकाणी मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट गंधक ही नव्हती. अकराव्या आणि बाराव्या दिवशीही सकाळचे कूपन उत्तम आले होते आणि त्यावरही सही झाली होती. ते उत्तम येणारच होते, कारण कूपन रोज नळीच्या उरलेल्या तुकड्यांतून होत असे. एल्बो महाग आणि मोजके, ते नमुन्यासाठी कोण कापणार? त्यामुळे कूपनने रोज प्रामाणिकपणे एकच गोष्ट सांगितली होती की या यंत्रावर ही नळी या नळीला चांगली जोडली जाते. कामात मात्र नळीला नळी जोडण्याचे जोड थोडे आणि नळीला एल्बो, टी किंवा व्हाल्व्ह जोडण्याचे जोडच अधिक होते. यंत्र, टंगस्टन, गॅस आणि प्रोग्रॅम यांची परीक्षा रोज होत होती. धातूची जोडी मात्र परीक्षेला कधी बसवलीच नव्हती. आमच्या कार्यपद्धतीत पाळी बदलल्यावर, वीजपुरवठा बदलल्यावर, टंगस्टन किंवा गॅसची बाटली बदलल्यावर नवे कूपन करावे असे लिहिले होते. हीट बदलल्यावर करावे, असे तिच्यात नव्हते.

खरेदीच्या कागदाचा दोषही इथेच सांगितला पाहिजे. जैवप्रक्रिया उपकरणांसाठीचे एएसएमई बीपीई हे मानक १९९७ पासून प्रसिद्ध होत आले आहे आणि त्यात अशा स्वयंचलित वेल्डिंगच्या ३१६एल नळ्या व जोडतुकड्यांसाठी गंधक ०.००५ ते ०.०१७ टक्क्यांदरम्यान असावे, अशी दोन्हीकडून मर्यादा घातलेली आहे. खालची मर्यादा नेमक्या आमच्यावर ओढवलेल्या कारणासाठीच आहे. आमच्या मागणीपत्रात नळीसाठी त्या मानकाचा उल्लेख होता. एल्बोंच्या ओळीत फक्त आकार, ‘३१६एल’ आणि ‘३.१ प्रमाणपत्रासह’ एवढेच लिहिलेले होते. पुरवठादाराने मागितले तेच दिले; त्याला दोष देण्याचा प्रयत्न बैठकीत एकदा झाला, पण कागद समोर ठेवल्यावर तो फार टिकला नाही. ‘गन लावली असती तर कळले असते’ असेही कुणी म्हणाले. हातात धरून धातू ओळखणारी क्ष-किरण गन क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम सांगते. गंधकाचे इतके सूक्ष्म प्रमाण तिच्या भरवशावर ठरवता येत नाही. ते कळण्याची जागा प्रमाणपत्राचा रकाना हीच होती, आणि तो रकाना मी वाचला होता.

झालेल्या जोडांचे काय करायचे

उघड दोष असलेल्या पाच जोडांबद्दल वाद नव्हता. संशयाच्या तीन जोडांबद्दल मात्र बराच वेळ चर्चा झाली. चालकाचे म्हणणे होते की त्यांवरून यंत्राची आणखी एक फेरी मारावी. आमच्या पद्धतीत एका जोडाला एकदा फेरवेल्ड करण्याची मुभा होतीच. तंत्रज्ञाचे म्हणणे असे की तीच दोन धातूंची जोडी पुन्हा वितळवली तर ओढ पुन्हा त्याच दिशेला असणार, आणि रेषा झाकली गेल्याचे बोरोस्कोप जर आज खात्रीने सांगू शकत नसेल तर रुंद झालेल्या बीडखाली उद्याही सांगू शकणार नाही. मला त्याचे म्हणणे पटले. झाकलेल्या रेषेचा पुरावा नसेल तर जोड उघडा समजावा, असे ठरले आणि तीनही जोड कापण्याच्या यादीत गेले.

कापायच्या आठ जोडांचा हिशेब मांडल्यावर आणखी एक बारकावा समोर आला. तीन एल्बोंचे दोन्ही जोड दोषी किंवा संशयास्पद होते आणि दोन एल्बोंचा प्रत्येकी एकच. त्या दोन एल्बोंचे दुसरे टोक चांगले असले तरी एल्बोच बदलायचा म्हटल्यावर तो चांगला जोडही कापणे भाग होते. म्हणजे पाच एल्बो आणि दहा जोड. एल्बोला ३८ मिमीचा सरळ भाग असतो, त्यामुळे दोषी टोक तेवढे कापून हेड पुन्हा बसवता आले असते. पण कमी गंधकाचा तोच एल्बो तिथे राहिला असता, म्हणून तो मार्ग घेतला नाही. उरलेल्या दोन एल्बोंचे चार जोड परिघभर झाकलेले होते, त्यांची छायाचित्रे नोंदीत जोडून ते स्वीकारले गेले. सगळेच काढून टाकावे असा आग्रह एका बाजूने होता. ज्या जोडात दोष नाही तो केवळ त्याच्या कुळावरून कापणे मला मान्य नव्हते, कारण प्रत्येक कापणीबरोबर स्पूलमध्ये एक नवा जोड आणि एक नवी शक्यता येते.

कापण्याचा खरा भार तंत्रज्ञावर आला. वेल्ड आणि त्याच्या शेजारचा तापलेला भाग काढून कड पुन्हा फेस करताना नळीचे प्रत्येक टोक सहा-सात मिलिमीटरने आखूड होते. दोन्ही टोकांना एल्बो असलेली नळी त्यामुळे जवळजवळ तेरा मिलिमीटरने कमी भरते, आणि बंद वलयात तेवढा फरक पुढच्या फ्लँजवर जाऊन आदळतो. त्यात नळजोडणीला पाणी पूर्ण निथळण्यासाठी एकास शंभरचा उतार होता, जो आखूड नळी ओढूनताणून बसवल्यास आधारांवर बिघडला असता. तंत्रज्ञाने दोन सरळ तुकडे सरळ टाकून दिले आणि नवे कापले; एका ठिकाणी मात्र शेजारच्या स्पूलचा न जोडलेला तुकडा तेवढाच लांब ठेवून हिशेब जुळवला. एकही आधार हलवावा लागला नाही. कारणाच्या शोधाइतकेच हे काम अवघड होते, पण अहवालात त्याला दोनच ओळी मिळाल्या.

न वापरलेले एल्बो, प्रयोगात खर्ची पडलेले वगळून, परत पाठवले आणि गंधकाची दोन्ही टोकांची मर्यादा लिहून नवी मागणी केली. नवे खोके आले तेव्हा त्यात ०.००९ टक्के होते. पहिला एल्बो कूपनसाठी कापला गेला, आणि त्या वेळी त्याची किंमत कुणी काढली नाही.

पर्याय म्हणून अर्गॉनमध्ये पाच टक्के हायड्रोजन मिसळण्याचा विचारही झाला होता. त्याने आर्क आवळतो, वितळ खोल जाते आणि ऑस्टेनायटिक स्टेनलेसला तो चालतो. पण तो खोली वाढवतो, दोन बाजूंमधली असमान ओढ काढून टाकत नाही. आणि गॅस बदलला की सगळी कार्यपद्धती नव्याने पात्र करून घ्यावी लागते. इतक्या लहान कामात ते करण्यासारखे नव्हते.

व्हाल्व्हच्या बाबतीत मात्र परत पाठवण्याची सोय नव्हती. घडीव बॉडीचे चार डायाफ्रॅम व्हाल्व्ह आधीच आलेले होते. त्यांचे प्रमाणपत्र उघडले तेव्हा गंधक ०.००३ टक्के निघाले. सरकणे एल्बोइतके नसले तरी येणार हे आता सगळ्यांना ठाऊक होते. तंत्रज्ञाने व्हाल्व्हचाच एक जादा तुकडा मागवून घेतला आणि त्यावर, टंगस्टन जोडरेषेवर न ठेवता जास्त गंधकाच्या बाजूला, म्हणजे नळीकडे सरकवून, कूपन केले. अर्धा मिलिमीटर कमी पडला. ०.८ मिमीवर आतली बीड रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी उतरली. त्या जोडांसाठी वेगळा प्रोग्रॅम क्रमांक घेतला, नोंदवहीत ‘टंगस्टन कोणत्या बाजूला, किती’ असा नवा रकाना आखला आणि चालकाने हेडवर पांढऱ्या टेपचा एक बाण चिकटवून त्यावर ‘नळीकडे’ असे लिहिले, कारण हेड उलटे बसले तर तोच ०.८ मिमी दोष दुप्पट करणार होता. आठही जोड बोरोस्कोपखाली मध्यावर आले.